नावं परत मागव

शहरबानूखाला ही माझ्या आईची थोरली बहीण. चिडकी म्हणून ती आमच्या सगळ्या खानदानात नावाजलेली होती, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मासळी शिळी निघाली, कुणी वाळूच्या पायांनी स्वयंपाकघरात आलं, की ती भडकायची आणि चूल पेटायच्या आत विसरूनही जायची. एक राग मात्र ती विसरली नाही. तो तिने म्हातारपणापर्यंत सांभाळला. तो सांगताना तिचा आवाज चढायचा, डोक्यावरचा पदर घसरायचा, आणि आम्ही मुलं मुद्दाम विचारायचो, "खाला, त्या अमेरिकन बायकांचं काय झालं गो?" मोठी झाल्यावर मी गंमत म्हणून विचारणं सोडलं, कारण तो राग माझ्या नानीसाठी आणि माझ्या मामासाठी होता.

आमचं गाव दाभोळ. कमरुद्दीनमामा गलबतावर खलाशी. एकसष्ट साली मस्कतच्या अलीकडे त्यांचं गलबत वादळात फुटलं. दोन खलाशी फळीला धरून वाचले, मामा वाचला नाही. त्याचं शरीर सापडलं नाही, त्यामुळे कबर नाही. नानीने, म्हणजे हाफिजाने, ते कधी मानलंच नाही. खाडीत कुठलंही शीड दिसलं की ती धक्क्यावर जाऊन उभी राहायची.

त्यानंतर दोन वर्षांनी खाला दुबईला गेली. तिचा नवरा लियाकत, आमचे खालू, दुबईच्या खाडीवर एका गोदामात माल उतरवून घेणारे कारकून होते. खाडीकाठच्या देरा या वस्तीतल्या एका गल्लीत दोन खोल्या, पिण्याचं पाणी गाढवावरून येणारं, आणि आसपास सगळे रत्नागिरी-रायगडचे लोक. खालाला मूलबाळ नव्हतं. दिवसभर घरात बसून ती वेडी व्हायची. पासष्ट साली नानी वारली, तेव्हा ती बातमीसुद्धा एका लाँचच्या तांडेलाने आणली, आणि बातमी पोचेपर्यंत नानीच्या कबरीवर गवत उगवलं होतं. आईच्या मयतीला मुलगी नाही, भावाच्या मयतीला मयतच नाही. खाला म्हणायची, "माझ्याकडे त्या दोघांचं काय होतं? फोटो नाही, कपडा नाही. दोन नावं होती."

नानीच्या मौतीनंतर ती कुणाशी धड बोलेना, म्हणून खालूंनीच तिला काम शोधून दिलं. जुमेराला समुद्राकाठी तेल कंपनीच्या परदेशी लोकांची नवी घरं झाली होती. त्यांतल्या एका घरात आर्डिथ नावाची अमेरिकन बाई राहत होती. तिचा नवरा इंजिनियर, भर समुद्रात तेलासाठी खोदकाम चालायचं तिथे आठवडेच्या आठवडे असायचा. घरात शाळेत जाणाऱ्या दोन मुली. खाला तिथे स्वयंपाक आणि वरचं काम करू लागली.

आर्डिथ मॉर्मन होती. खालाला आधी त्याचा अर्थ कळला नाही. हळूहळू तिच्या ध्यानात आलं ते एवढंच, की हे लोक स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात, पण बाकीचे ख्रिस्ती त्यांना आपल्यात धरत नाहीत. आर्डिथच्या घरात दारू नव्हती, सिगारेट नव्हती, चहाकॉफीसुद्धा नव्हती. महिन्यातला एक दिवस ती उपास धरायची. जेवणाआधी मान खाली घालून दुवा मागायची. शेजारचे इंग्रज तिच्यावर हसायचे. खालाला ती आवडली. "रोजा ठेवणारी बाई," ती खालूंना सांगायची, "दारूला शिवत नाही. आपल्यातल्या चार पुरुषांपेक्षा बरी." आणि आर्डिथही तशीच वागली. खाला कामाला लागल्यावर तिने डुकराच्या मांसाचे डबे स्वतःहून घरात आणणं बंद केलं. दुपारच्या नमाजासाठी मागची खोली मोकळी करून दिली. ती थोडीफार हिंदुस्तानी शिकली, खाला थोडीफार इंग्रजी शिकली, आणि दोघींच्या गप्पा त्या खिचडीत चालायच्या.

एका दुपारी दोघी पावाचं पीठ मळत असताना आर्डिथ एकाएकी रडायला लागली. त्या दिवशी तिच्या मुलाचा वाढदिवस होता. डेल नाव त्याचं. तीन वर्षांचा असताना तापाने गेला होता. खालाने हात धुतले, तिला बसवलं, पाणी दिलं. आणि मग, कुणाला कधी सांगितलं नव्हतं ते, कमरुद्दीनचं आणि आईचं सगळं तिला सांगितलं. आर्डिथने खूप प्रश्न विचारले. आईचं पूर्ण नाव काय, तिच्या बापाचं काय, गाव कुठलं, कुठल्या साली जन्मली, कुठल्या साली गेली. भावाचंही तसंच. खालाला जेवढं ठाऊक होतं तेवढं तिने सांगितलं. "माझ्या माणसांची इतकी चौकशी कुणी केली नव्हती," ती म्हणायची. "मला वाटलं, ही आपल्या दुवेत त्यांची नावं घेईल. मला बरं वाटलं गो. घरी येऊन मी खालूंना सांगितलं, ही बाई बहिणीसारखी आहे."

सदुसष्टच्या थंडीत आर्डिथने दोन दिवसांची सहल ठरवली. तिच्या धर्माच्या आणखी दोन बायका होत्या. वर्ला नावाची थोराड बाई अबुधाबीहून आली होती. जोलीन नावाची नवी लग्न झालेली पोर शारजात राहायची. त्या भागात त्यांचं देऊळ नव्हतं, की चार घरं एका जागी नव्हती. तिघींचे नवरे कामावर. एकमेकींना त्या सिस्टर म्हणायच्या. दोन दिवस मुलींना शेजाऱ्यांकडे ठेवून, नवऱ्यांशिवाय, एकत्र राहू, गाऊ, प्रार्थना करू, असा त्यांचा बेत. जायचं होतं रास-अल-खैमाजवळच्या खत्तला, डोंगराच्या पायथ्याशी गरम पाण्याचे झरे आहेत तिथे.

"तू पण चल," आर्डिथ म्हणाली. "कामाला नाही. बहीण म्हणून. आम्ही रांधू, तू बस."

खाला लग्नानंतर कधी कुठे गेली नव्हती. खालूंना विचारलं तर ते म्हणाले, "गाडी यूनुस चालवणार असेल तर जा." यूनुस हा कंपनीचा ड्रायव्हर, म्हसळ्याचा, आमच्या लोकांतला. खालाने निळी चौकडीची नवी साडी बांधली, कोलीमाच्या, म्हणजे बारीक जवळ्याच्या, वड्या तळून डबा भरला, आणि गुरुवारी सकाळी निघाली.

पहिली ठिणगी गाडीतच पडली. लँडरोव्हरमध्ये पुढे वर्ला बसली, मध्ये आर्डिथ आणि जोलीन. खालाला मागे, तंबू, स्टोव्ह आणि पाण्याच्या डब्यांमध्ये. शारजाच्या पुढे तेव्हा डांबर नव्हतं. ओहोटी असली की समुद्राकाठच्या ओल्या वाळूवरून गाडी हाकायची, नाही तर आतल्या खारट जमिनीवरून. प्रत्येक खड्ड्याला स्टोव्ह खालाच्या गुडघ्यावर आदळत होता. पुढे तिघी गात होत्या. आर्डिथ एकदा वळून म्हणाली, "बरी आहेस ना?" खाला म्हणाली, "हो मॅडम." खालाच्या डब्यातली वडी वर्लाने हुंगून परत ठेवली, आणि आर्डिथला म्हणाली, "तुझी मुलगी चांगली दिसते गं."

"मुलगी!" खाला म्हणायची. "एकोणतीस वर्षांची होते मी. आणि तिची मुलगी म्हणजे काय? नोकर. इंग्रजीत तसं म्हणतात. मला तेवढं कळत होतं."

खत्तला पोचल्यावर बागेच्या कडेला झावळ्यांच्या दोन झोपड्या मिळाल्या. वर्लाने स्टोव्ह पेटवायचा प्रयत्न केला, तो भडकला, तिने किंचाळून हात मागे घेतला. मग साहजिकच खाला उठली. दुपारचं तिने केलं, संध्याकाळचंही तिने केलं. भांडी तिने घासली. जोलीन मदतीला आली, तर वर्लाने तिला हाक मारून गाण्याला बसवलं. आर्डिथ दोनदा म्हणाली, "राहू दे, आम्ही करतो," आणि दोन्ही वेळा जागची हलली नाही. खाला गप्प राहिली. जेवणाआधी त्यांनी दुवा मागितली आणि त्यात आर्डिथने तिचं नाव घेतलं, आमच्या या बहिणीला प्रकाश दाखव म्हणून. खालाच्या मनात आलं, बहिणीला आधी एक बशी तरी धुऊन दाखवा. पण तिने तेही गिळलं.

शुक्रवारी सकाळी सगळ्या झऱ्यावर गेल्या. बायकांचं कुंड वेगळं होतं, भोवती दगडी भिंत, वर खजुराच्या खोडांचं अर्धवट छप्पर. गावातल्या काही बायका अंघोळ उरकून बाहेर पडत होत्या. पाण्यातून वाफा निघत होत्या. आमच्याकडे दापोलीच्या बाजूला उन्हवऱ्याला असं कुंड आहे; लहानपणी नानी खालाला तिथे न्यायची. खाला साडी खोचून पायऱ्या उतरली, कमरेपर्यंत गेली, मग गळ्यापर्यंत, आणि शेवटी डोळे मिटून तिने सपकन बुडी मारली. वर आली तेव्हा ती हसत होती. कालचा सगळा राग त्या पाण्यात गेला होता, असं ती स्वतः सांगायची.

वर्लाने टाळ्या वाजवल्या. "बघ, बघ किती सहज गेली!" ती आर्डिथला म्हणाली, आणि मग खालाकडे वळून, लहान मुलाला सांगावं तसं, हळूहळू शब्द तोडून म्हणाली, "तुझी आईसुद्धा अशीच जाणार. पाण्याखाली. अशीच स्वच्छ होऊन वर येणार."

खालाला वाटलं आपल्याला इंग्रजी नीट कळलं नाही. "माझी आई वारली," ती म्हणाली.

"म्हणून तर!" वर्ला म्हणाली.

"वर्ला, आत्ता नको," आर्डिथ मधेच म्हणाली. त्या तीन शब्दांनी खाला सावध झाली. आत्ता नको, म्हणजे नंतर काहीतरी आहे, आणि ते आर्डिथला ठाऊक आहे.

"काय आहे मॅडम?" तिने विचारलं. सांगितलं ते वर्लानेच, आणि वाईट हेतूने नाही. तिच्या तोंडावर आनंद होता. त्यांच्या धर्मात, ती म्हणाली, मेलेल्यांनाही वाट मोकळी आहे. अमेरिकेत युटा म्हणून मुलूख आहे, तिथे त्यांचं मोठं मंदिर. मेलेल्या माणसाचं नाव तिथे पाठवायचं. मग जिवंत माणूस पांढरे कपडे घालून त्याच्या जागी पाण्यात उतरतो, त्याचं नाव पुकारतात, त्याला पूर्ण पाण्याखाली नेतात, आणि तो मेलेला माणूस त्यांच्या धर्मात यायला मोकळा होतो. आर्डिथने हाफिजाचं आणि कमरुद्दीनचं नाव पाठवलं होतं. एका बाईने हाफिजासाठी बुडी घ्यायची, एका पुरुषाने कमरुद्दीनसाठी. "आर्डिथने तुला केवढी मोठी भेट दिली आहे, तुला कळतंय ना?" वर्ला म्हणाली.

खाला छातीभर पाण्यात उभी होती. तिने आर्डिथकडे पाहिलं. "खरं आहे?"

"मी तुला सांगणार होते," आर्डिथ म्हणाली. "इथेच, या दोन दिवसांत. मला वाटलं तुला आनंद होईल."

"माझा भाऊ पाण्यात बुडून मेला," खाला म्हणाली. "आणि तुम्ही त्याला परत पाण्यात बुडवणार?"

खालाने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी हिंदुस्तानीत, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा आर्डिथला 'आप' न म्हणता 'तू' म्हटलं. "तू डुबोएगी उसको? फिर से?" आर्डिथला तेवढी भाषा येत होती. तो 'तू' तिच्या तोंडावर बसला.

"असं नाही ते," वर्ला समजावू लागली. "त्याने नको म्हटलं तर तो नाकारू शकतो. तिकडे. त्याला मोकळीक आहे."

"आणि मला? मी इकडे आहे, जिवंत आहे, तुझ्यासमोर आहे. मला का नाही विचारलं? मेलेल्याला विचारणार, जिवंत बाईला नाही?" खाला आता ओरडत होती. भिंतीपलीकडच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. "मी पीठ मळत होते, ही रडत होती, मी माझी माणसं हिच्यापुढे ठेवली. आणि हिने त्यांना पोस्टात टाकलं!"

"मी प्रेमाने केलं, बानू," आर्डिथ म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एरवी ती रडली की खाला उठायची. या वेळी ती जागची हलली नाही.

"प्रेमाने?" ती म्हणाली. "ठीक. तुझ्या मुलाचं नाव डेल. मी आत्ता इथे, या पाण्यात उभी राहून, डेलच्या नावाने कलमा पढते. त्याला मुसलमान करते. मीपण प्रेमानेच करते. चालेल?"

आर्डिथचा चेहरा पांढराफटक पडला. तिचा हात आपोआप वर आला, कुणी मूल ओढून नेत असताना यावा तसा. जोलीनने हे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"मी करणार नाही," खाला म्हणाली. "माझ्या धर्मात असं करता येत नाही, आणि येत असतं तरी केलं नसतं. तो तुझा आहे. पण तुझं तोंड बघ. आत्ता तुझं जे झालं ना, ते माझं झालं."

ती पायऱ्या चढून बाहेर आली. ओल्या साडीचं पाणी निथळत होतं, अंगाला थंड वारा झोंबत होता. दारातल्या एका म्हाताऱ्या बाईने काही न विचारता तिला हाताला धरून आपल्या घरी नेलं, आपला कोरडा काळा झगा घालायला दिला. त्या बाईला हिची भाषा येत नव्हती, हिला तिची मोडकीतोडकी. पण 'उम्मी' आणि 'अखूय', माझी आई, माझा भाऊ, एवढे दोन शब्द खालाला येत होते. ते उच्चारून ती पहिल्यांदा रडली, आणि रडतानाही दात खात होती.

यूनुस गावातल्या मशिदीत जुम्याच्या नमाजाला गेला होता. तो परतला तेव्हा खाला त्याच्या गाडीला पाठ लावून बसली होती. "भाबी, काय झालं?" त्याने विचारलं. तिने सांगितलं. यूनुसने कपाळावर हात मारला, आणि खालच्या आवाजात म्हणाला, "भाबी, जाऊ दे, आता शांत राहा. साहेबाची बाई आहे. माझीपण नोकरी आहे."

"तुझ्या नोकरीला मी हात लावत नाही, यूनुसभाई. तू फक्त गाडी चालव."

तिघी बायका सामान घेऊन आल्या. खालाने वाट अडवली. आर्डिथला ती म्हणाली, "नावं परत मागव."

"पत्र जाऊन महिना झाला," आर्डिथ म्हणाली.

"मग तार कर."

"त्यांनी थांबवलं नाही तर?"

"ते मला सांगू नकोस. पाठवताना तुला सगळं जमलं. आता परत मागवायला काय झालं? उद्या सकाळी तार करशील असं या दोघींसमोर बोल. नाहीतर मी गाडीत बसत नाही. चालत जाईन."

वर्ला पुटपुटली की हा सगळा गैरसमज आहे, राग उतरल्यावर बोलू. तेव्हा जोलीन, जी दोन दिवसांत गाण्याशिवाय फारसं बोलली नव्हती, म्हणाली, "गैरसमज नाही, सिस्टर. तिला नीट समजलंय. मला माझ्या आईने सांगितलं होतं, आपापल्या घरच्यांची नावं द्यायची. ही आपल्या घरची नव्हती." वर्ला लाल झाली. आर्डिथ म्हणाली, "करते. उद्या तार करते."

परतीच्या वाटेवर खाला पुढे यूनुसच्या शेजारी बसली. तिने विचारलं नाही, सरळ दार उघडून चढली. वर्ला मागे सामानात बसली. दुबईपर्यंत कुणी गायलं नाही.

शनिवारी सकाळी ती आर्डिथबरोबर तार ऑफिसात गेली. आर्डिथ खिडकीवर मजकूर लिहीत असताना ती शेजारी उभी राहिली. "काय लिहिलंस, वाच," ती म्हणाली. आर्डिथने वाचलं. हाफिजा आणि कमरुद्दीन, दाभोळ, ही नावं चुकून पाठवली, कृपया काही करू नये. "चुकून नाही," खाला म्हणाली. "विचारल्याशिवाय. तसं लिही." आर्डिथने खोडून तसं लिहिलं.

घरी काय झालं ते याहून वाईट. खालूंना वाटलं होतं बायको हसत परतेल. सगळं ऐकून ते म्हणाले, "आणि कामाचं काय?"

"सोडलं."

"खलास! इतकं चांगलं घर. कशासाठी? कुठे तरी लांब कुणी गोरी बाई पाण्यात बुडी मारणार, त्याने तुझ्या आईला काय होतं?"

"तुमच्या आईचं नाव दिलं असतं तर?"

"मी हसलो असतो."

"मग तुमच्या आईचं देऊन येऊ?" खाला म्हणाली. खालू हसले नाहीत. ते उठून बाहेर गेले आणि येताना तय्यबचाचांना घेऊन आले. तय्यबचाचा म्हणजे आमच्या लोकांतले वडीलधारे, दोन हज केलेले. कुणाचंही भांडण त्यांच्यापुढे जायचं. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "बेटी, मयत अल्लाच्या हवाली. त्यांच्या पाण्याने तिच्या ईमानाला काही लागत नाही. एवढा तमाशा कशाला?"

"तिला नाही लागत, चाचा," खाला म्हणाली. "मला लागलं. तिचं ईमान धड आहे हे मला ठाऊक आहे. पण माझ्या आईचं नाव कुणी तरी घेतलं, मला न विचारता, मी नोकर आहे म्हणून. ते तुम्ही कुणी का म्हणत नाही?"

चाचा म्हणाले, राग हराम आहे. खाला म्हणाली, "मग मला हराम चालेल," आणि आतल्या खोलीत निघून गेली. वडीलधाऱ्यांसमोर तिने असं तोंड उघडल्याची चर्चा देऱ्यात बरेच दिवस चालली. बायका तिची बाजू घेत, पण हळू आवाजात.

दीड महिन्याने आर्डिथ यूनुसला घेऊन गल्लीत आली. गाडीतून उतरली आणि उभ्याउभ्याच तिने सांगितलं. युटाहून उत्तर आलं होतं. कमरुद्दीनचं त्यांनी थांबवलं. हाफिजाचं तार पोचण्याआधीच झालं होतं.

खालाने सगळं ऐकलं. मग तिने दार लावलं. त्या दिवशी तिने भिंतीवर मूठ आपटली, हात सुजला, खालूंनी हळद लावून बांधला. या खेपेला ते काही बोलले नाहीत. त्यांना बहुतेक तेव्हा कळलं, की ही रुसलेली नाही.

त्यानंतर ती कुणाच्या घरी कामाला गेली नाही. गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या कोकणी पुरुषांना तिने डबे सुरू केले. सकाळी मच्छी, संध्याकाळी डाळ-भात आणि सुकट. पाच डब्यांचे तीस झाले. तिच्या हाताला चव होती आणि तोंडाला धार, दोन्हींसाठी ती ओळखली जाऊ लागली.

एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात आर्डिथचं कुटुंब अमेरिकेला कायमचं परत जाणार होतं. जाण्याआधी ती एकटीच, भर दुपारी, चालत आली. घामाने भिजलेली. खाला चुलीपाशी होती. तिने आत ये म्हटलं नाही, जा म्हणूनही सांगितलं नाही. आर्डिथ उंबऱ्याबाहेर उभी राहून बोलली.

"मागच्या सुट्टीत मी स्वतः युटाला गेले होते. सांगितलं त्यांना, तिच्या मुलीची परवानगी नव्हती, हे पुसा. तिथल्या बाईने सांगितलं, झालेलं आता झालं. मी दोन वेळा गेले. काही झालं नाही."

"मग कशाला आलीस?"

"तुला सांगायला. मी खोटं सांगून जाऊ शकले असते, की पुसलं म्हणून. तुला बरं वाटलं असतं."

"नसतं वाटलं," खाला म्हणाली.

"मी चुकले, बानू. प्रेमाने केलं, असं आता म्हणत नाही. मी विचारायला हवं होतं, आणि मी विचारलं नाही, कारण तू नाही म्हणशील हे मला माहीत होतं."

खालाने चूल सोडली आणि दारापर्यंत आली. ही एक गोष्ट, ती मला म्हणाली, तिला ऐकायची होती; खत्तपासून तिला तेवढंच ऐकायचं होतं, आणि ते ऐकून राग कमी व्हायच्या ऐवजी आणखी वर आला. माहीत होतं! पाव मळताना, पाणी पिताना, सगळं माहीत होतं! तिने आर्डिथकडे नीट पाहिलं. बाई दोन वर्षांत खूप वयस्क झाली होती.

"तू आज खरं बोललीस," खाला म्हणाली. "ते मी लक्षात ठेवीन. माफ मी करणार नाही. ज्या बाईच्या नावाने हे झालं तिने करायचं, आणि तिला तू विचारायला जाशील तेव्हा बघू."

आर्डिथने मान हलवली. मग ती उन्हातून खाडीच्या दिशेने चालू लागली. खाला गल्लीच्या टोकापर्यंत तिला बघत राहिली. परत वळली तेव्हा भात खालून करपला होता, आणि तिला तो सगळा काढून नवा शिजवावा लागला. त्या दिवशी डबे उशिरा गेले. एक-दोघांनी कुरकुर केली, तर तिने त्यांना सुनावलं, की उपाशी राहायचं असेल तर उद्यापासून खुशाल राहा.